गिझर लावला की लाईट जाते, दोष मात्र ओट्यावरच्या प्लगमध्ये

जुळे सोलापुरात माझी मावशी राहते. गेल्या थंडीत एकदा सकाळी साडेसहाला तिचा फोन आला. "अरे, ते बटन पडलालंय बघ सारखं. गिझर लावला की गेली लाईट. तुझे काका साबण लावून आत ओरडलालेत."

त्याआधीच्या पंधरा दिवसांत तिच्याकडे दोन वायरमन येऊन गेले होते. पहिल्याने गिझरचं एलिमेंट बदललं. बोअरच्या पाण्याने एलिमेंटवर क्षाराचा थर चढलेलाच होता, त्यामुळे ते सगळ्यांना पटलंही. चार दिवसांनी पुन्हा तेच. दुसरा म्हणाला, डीबीतलं, म्हणजे घरभरच्या लाईनींची बटणं असलेल्या पेटीतलं, ते रुंद बटणच खराब आहे. त्याने नवं आणून बसवलं. तेही पडू लागलं, तेव्हा तो म्हणाला, "मावशी, हे काढूनच टाकू. डायरेक्ट करून देतो, कटकटच मिटेल." इथे मावशीला शंका आली आणि मला फोन आला. मी स्वतः बरीच वर्षं वायरिंगचं काम करतो, पण नातेवाईक आपल्याला नेहमी तिसऱ्या क्रमांकावरच बोलावतात.

दोष शेवटी सापडला तो बाथरूममध्ये नाही, डीबीतही नाही. मावशी शेंगाचटणी करायला ज्या प्लगला मिक्सर लावते, त्या ओट्यावरच्या बोर्डाच्या आत तो होता. तो प्लग व्यवस्थित चालत होता, मिक्सरही फिरत होता. मग लाईट गिझर लावल्यावर का जावी? हे समजलं की घरातल्या अशा निम्म्याअधिक तक्रारी समजतात, म्हणून जरा सावकाश सांगतो.

डीबी उघडली की अरुंद बटणांची रांग दिसते. त्या एमसीबी. त्यांच्या आधी दुप्पट रुंदीचं एक बटण असतं आणि त्याच्यावर 'टेस्ट' असं लिहिलेलं बारकं बटण असतं. ती आरसीसीबी. जुने लोक आणि दुकानदार अजून तिला ईएलसीबीच म्हणतात. ही दोन बटणं दिसायला भावंडं असली तरी त्यांची कामं अगदी वेगळी आहेत. एमसीबी वायरीची काळजी घेते. सोळा अँपिअरची एमसीबी असेल तर सोळापर्यंत ती काही बोलत नाही. त्याच्या फार वर गेलं किंवा शॉर्ट झालं की पडते, म्हणजे वायर तापून आग लागत नाही. माणूस मरायला मात्र सोळा अँपिअर लागत नाहीत, त्याच्या शंभराव्या हिश्शातही काम तमाम होऊ शकतं. माणसाची काळजी घेते ती आरसीसीबी.

ती कशी घेते हे मी गिरणीच्या उदाहरणाने सांगतो. तुम्ही मंगळवेढ्याची पाच किलो ज्वारी वजन करून गिरणीत दिली. पीठ आलं की पुन्हा वजन केलं. पाच किलो भरलं तर ठीक. चिमूटभर कमी भरलं तर तुम्ही बोलत नाही, कारण तूट धरतातच. पण पाव किलो कमी आलं तर भांडता. गिरणीत आत काय झालं, पीठ कुठे सांडलं, कोणी काढून घेतलं, हे तुम्ही पाहिलेलं नसतं. तुमच्याकडे फक्त दोन वजनं असतात.

आरसीसीबीकडेही दोनच वजनं असतात. फेजच्या वायरीने घरात किती करंट गेला आणि न्यूट्रलच्या वायरीने किती परत आला. आत लोखंडी चुंबकीय पदार्थाची एक बांगडी असते आणि तिच्यातून या दोन्ही वायरी एकत्र जातात. जाणारा आणि येणारा करंट सारखा असेल तर दोघांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडतात. फरक पडला तर क्षेत्र उरतं, बांगडीवर गुंडाळलेल्या तिसऱ्या वेटोळ्यात वीज तयार होते आणि ती खटका सोडते. फरक कुठे गेला, कोणाच्या अंगातून गेला की ओल्या भिंतीतून, याच्याशी तिला देणंघेणं नाही.

घरात बसवतात ती ३० मिलीअँपिअरची. एक अँपिअर म्हणजे हजार मिलीअँपिअर. तूट १५ मिलीअँपिअरच्या आत असेल तर तिने पडायचं नाही, ३० झाली की पडलंच पाहिजे, आणि मधल्या पट्ट्यात ती तिच्या मर्जीची मालकीण. हा मधला पट्टा लक्षात ठेवा. 'कधी पडते, कधी नाही' ही तक्रार बरेचदा तिथून येते.

हे आकडे कोणी मनाने ठरवलेले नाहीत. अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ल्स डाल्झील नावाचे प्राध्यापक होते. हातात धरलेली जिवंत वायर माणूस किती करंटपर्यंत आपणहून सोडू शकतो, हे त्यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून मोजलं. पुरुषांची सरासरी निघाली १६ मिलीअँपिअर, स्त्रियांची साडेदहा. त्यापुढे बोटं आवळली जातात आणि सोडायचं म्हटलं तरी सुटत नाहीत. लोक म्हणतात 'करंटने ओढून धरलं', ते हेच. वीज ओढत नाही, आपलाच हात मिटतो. याच डाल्झील यांनी १९६१ साली तूट मोजून वीज तोडणारं उपकरण तयार केलं. पुढे अमेरिकेत ते थेट प्लगच्या आतच बसवू लागले.

माझ्या मावसभावाने तिकडून मला तसल्या प्लगचा व्हिडिओ पाठवला होता, "दादा, आईच्या ओट्यावर हेच बसव ना" म्हणून. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या प्लगवरच 'टेस्ट' आणि 'रीसेट' अशी दोन बटणं असतात. तो पाचएक मिलीअँपिअरलाच पडतो. मागे स्क्रूच्या दोन जोड्या असतात. एकीवर 'लाइन' लिहिलेलं असतं, तिथे येणारा सप्लाय जोडायचा. दुसरीवर 'लोड', तिथून पुढच्या प्लगांना वायर न्यायची. तिकडच्या स्वयंपाकघरांतली बरीच कटकट याच दोन जोड्यांची अदलाबदल झाल्याने होते. जुन्या प्लगात अशी अदलाबदल झाली की बटण पडलं तरी खुद्द त्या प्लगात वीज राहायची. नव्यांत उलटं जोडलं तर रीसेटच बसत नाही. पण त्यांची वीज १२० व्होल्टची आणि पिना चपट्या. आपली २३० व्होल्टची, गोल तीन पिनांची. तो प्लग इथे बसवायचा प्रश्नच नाही. आपण तेच काम डीबीत करतो, म्हणून आपल्याकडे ओट्यावरचा दोष दिवाणखान्यातही अंधार करतो.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी आहे म्हणजे अंगातून तीसच मिलीअँपिअर जातील, असं नाही. ओल्या हाताने फेजला हात लागला आणि पाय फरशीवर असले, तर अंगाचा अडथळा समजा दीड हजार ओहम. २३० भागिले १५०० म्हणजे दीडशे मिलीअँपिअर, आणि ते जाणारच. झटका बसणार, तुम्ही किंचाळणार. आरसीसीबी करंट कमी करत नाही, वेळ कमी करते. तीस मिलीअँपिअरला तिने ०.३ सेकंदाच्या आत आणि दीडशेला ०.०४ सेकंदाच्या आत तोडलं पाहिजे, असं आपलं भारतीय मानक सांगतं. ०.०४ सेकंद म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेच्या दोन लाटा. तेवढ्यात हृदयाची लय बिघडण्याची शक्यता फार कमी राहते. आणि कोणी एका हाताने फेज, दुसऱ्याने न्यूट्रल धरला आणि पायात रबरी चप्पल असली तर? जेवढा गेला तेवढा परत आला, हिशेब जुळला. आरसीसीबी गप्प बसते. म्हणून ती आहे म्हणून चालू बोर्डात हात घालायचा नाही.

आता मावशीच्या घराकडे.

दिवाळीच्या आधी तिच्याकडे रंगकाम झालं होतं. रंगाऱ्यांनी बोर्डांच्या प्लेटी काढल्या आणि नंतर परत दाबून बसवल्या. ओट्यावरच्या बोर्डात न्यूट्रलची काळी वायर लोखंडी बॉक्सच्या काठावर आली आणि स्क्रू आवळताना तिचं प्लास्टिक कापलं गेलं. बॉक्सला हिरवी, म्हणजे अर्थची, जमिनीत जाणारी वायर जोडलेली. थोडक्यात न्यूट्रल आणि अर्थ तिथे एकमेकांना चिकटले. फेज चिकटला असता तर लगेच बटण पडलं असतं आणि त्याच दिवशी दोष सापडला असता. न्यूट्रल चिकटला की मात्र लपंडाव सुरू होतो.

कारण न्यूट्रल म्हणजे शून्य, हे पुस्तकात. ट्रान्सफॉर्मरपाशी तो जमिनीला जोडलेला असतो, तिथे शून्य. तिथून आपल्या घरापर्यंत लांबलचक वायर येते आणि तिला स्वतःचा थोडा अडथळा असतो. समजा अर्धा ओहम. दोन हजार वॅटचा गिझर साधारण नऊ अँपिअर घेतो. नऊ गुणिले अर्धा, म्हणजे घरातला न्यूट्रल जमिनीपेक्षा साडेचार व्होल्ट वर चढतो. एरवी त्याने काही बिघडत नाही. पण आता ओट्यावरच्या बोर्डात न्यूट्रलला अर्थची चोरवाट मिळालेली आहे. अर्थच्या वाटेचा अडथळा समजा ६० ओहम. साडेचार भागिले साठ, म्हणजे पंच्याहत्तर मिलीअँपिअर त्या चोरवाटेने जमिनीत जातात आणि आरसीसीबीतून परत येत नाहीत. पंच्याहत्तरची तूट दिसली, पडली.

हाच हिशेब मिक्सरला लावा. पाचशे वॅटचा मिक्सर सव्वादोन अँपिअर घेतो. न्यूट्रल जेमतेम एक व्होल्ट चढतो, चोरवाटेने १८ मिलीअँपिअर जातात. हा तो मधला पट्टा, कधी पडेल कधी नाही. मावशी म्हणालीच होती, "एखाद्या वेळी चटणी वाटताना पण जाते." पंखा आणि दोन दिव्यांना तर चारएक मिलीअँपिअरच, म्हणून रात्रभर सगळं शांत. दोष सगळ्यांसाठी तोच, पण गिझरच एवढा करंट ओढतो की तो उघडा पडतो. म्हणून आळ गिझरवर.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट यातून निघते. न्यूट्रल फक्त आपल्या लोडमुळे चढत नाही, त्याच लाईनवरच्या शेजाऱ्यांच्या लोडनेही चढतो. त्यामुळे संध्याकाळी सात-साडेसातला आपल्या घरात काहीही न लावता आरसीसीबी पडू शकते. एका घरात यावरून नजर लागल्याची चर्चा ऐकली आहे. लिंबू-मिरची बांधलेली होती ती डीबीच्याच दाराला.

शोधायचं कसं? यातला पहिला भाग घरातलं कोणीही करू शकतं, कारण त्यात काहीही उघडायचं नाही. सगळ्या वस्तूंच्या पिना सॉकेटमधून काढा. नुसतं बटण बंद करून चालणार नाही, कारण बोर्डावरचं साधं बटण फक्त फेज तोडतं. न्यूट्रल आणि अर्थ वस्तूला जोडलेलेच राहतात. लोक इथेच चुकतात: "सगळं बंद केलं होतं हो," असं सांगतात आणि फ्रिजची, पाण्याच्या फिल्टरची पिन जागेवर असते. पिना खरोखर काढल्या आणि आरसीसीबी टिकली, तर एकेक वस्तू लावत जा. जी लावल्यावर पडते ती वस्तू दुसऱ्या खोलीतल्या प्लगला लावून पाहा. तिथेही पडली तर दोष बहुधा तिचा, पण ती गिझरसारखी जास्त करंट ओढणारी असेल तर मावशीकडच्यासारखा न्यूट्रलचाही संशय ठेवा. तिथे टिकली तर वस्तूला सोडा, पहिल्या प्लगकडे पाहा.

स्वयंपाकघरातल्या वस्तूंना गळतीची कारणंही स्वयंपाकघरातलीच असतात. मिक्सरच्या भांड्याखालचं सील गेलं की चटणीचं पाणी मोटारीत उतरतं. ओटा धुताना बोर्डावर पाणी उडतं. बोर्ड शेगडीजवळ असेल तर तेलाची वाफ आत बसते, तिच्यावर धूळ चिकटते आणि पावसाळ्यात त्या मळाला ओल धरली की त्यातून करंट झिरपतो. झुरळं आणि पालींचं तर बोलायलाच नको, मॉड्युलर बोर्डाची मागची भोकं त्यांच्यासाठीच ठेवल्यासारखी असतात. ओव्हन, गिझर, इलेक्ट्रिक किटली यांच्या एलिमेंटमध्ये तारेभोवती एक पांढरी पूड भरलेली असते आणि ती हवेतली ओल शोषते. त्यामुळे पावसाळाभर पडून राहिलेला ओव्हन काढला की पहिल्यांदा बटण पडतं. तो दोष एलिमेंट कोरडं झाल्यावर कधीकधी आपोआप जातो. पण क्षार चढून एलिमेंटची नळीच तडकली असेल तर जात नाही, आणि आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात ते काही दुर्मिळ नाही.

कधीकधी एकही वस्तू दोषी नसते. मायक्रोवेव्ह, इंडक्शन, वॉशिंग मशीन, टीव्ही या सगळ्यांत विजेची गाळणी म्हणून काही कपॅसिटर असतात आणि ते चांगल्या अवस्थेतही थोडी वीज अर्थला सोडतात. एकेकाचे एक-दोन मिलीअँपिअर. पण अख्ख्या घराला एकच आरसीसीबी असली की सगळ्यांची तूट तिच्या एका वहीत जमा होते आणि आधीच बारा-तेरा भरलेले असतात. मग एखाद्या निरुपद्रवी वस्तूने ती काठावरून ओतू जाते. यावर उपाय जास्त मिलीअँपिअरची आरसीसीबी हा नाही. शंभर आणि तीनशे मिलीअँपिअरच्या मिळतात, पण त्या आगीसाठी, माणसासाठी नव्हेत. घराचे दोन-तीन भाग करून प्रत्येकाला स्वतंत्र ३० ची द्यायची. निदान स्वयंपाकघर आणि बाथरूम वेगळं. नवीन घेताना 'ए' प्रकारची घ्या. इंडक्शन, इन्व्हर्टरवाला फ्रिज अशा इलेक्ट्रॉनिक वस्तूंची गळती जुन्या 'एसी' प्रकाराला नीट ओळखू येईलच असं नाही.

सगळ्या पिना काढूनही बटण पडतंय, तर दोष भिंतीत किंवा बोर्डात आहे. आता सगळ्या एमसीबी खाली करा आणि आरसीसीबी वर करा. टिकली तर एकेक एमसीबी चढवा. जिच्यावर पडते त्या लाईनमध्ये फेज कुठेतरी अर्थला किंवा ओल्या भिंतीला लागलेला आहे. ती एमसीबी खाली ठेवून बाकी घर चालवा आणि वायरमनला बोलवा. सगळ्या एमसीबी खाली असतानाही पडते, किंवा टिकते पण दुसऱ्याच लाईनवर मोठा लोड आल्यावर पडते, तर न्यूट्रलवर संशय घ्या. एमसीबी खाली केली तरी न्यूट्रल तोडला जात नाही. डीबीत सगळ्या न्यूट्रल एका पितळी पट्टीवर कायमच्या जोडलेल्या असतात. मावशीकडे स्वयंपाकघराची एमसीबी खाली करून गिझर लावला होता, तरी लाईट गेलीच. त्यावरून पहिल्या वायरमनने निष्कर्ष काढला की स्वयंपाकघराचा संबंध नाही. तर्क बरोबर, पण फेजपुरता.

इथून पुढचं काम परवानाधारक वायरमनचं, आणि हे मी धंद्यासाठी म्हणत नाही. मी मेन बंद केला, टेस्टरने खात्री केली, न्यूट्रलच्या पट्टीवरून स्वयंपाकघराची काळी वायर सोडवली, बाकीच्या तशाच ठेवल्या आणि मेन चालू करून गिझर लावला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, काही नाही. मग पुन्हा मेन बंद करून त्या सोडवलेल्या वायरीला आणि अर्थला मेगर लावला. मेगर पाचशे व्होल्ट देऊन दोन वायरींमधलं इन्सुलेशन मोजतो. ते एक मेगओहमच्या, म्हणजे दहा लाख ओहमच्या वर हवं. इथे आकडा शून्य. हे करताना त्या लाईनवरच्या सगळ्या वस्तू काढलेल्या हव्यात, नाहीतर पाचशे व्होल्टने इंडक्शनचं कार्ड जायचं. आरसीसीबीवरच संशय असेल तर तिच्या बाहेर जाणाऱ्या दोन्ही वायरी सोडवून तिला नुसती चालू करून पाहायची. मोकळी असतानाही पडली तर ती खराब. ही पाच मिनिटांची चाचणी आधी झाली असती तर मावशीच्या नव्या आरसीसीबीचे पैसे वाचले असते.

न्यूट्रलचा दुसरा एक घोटाळा सोलापूरच्या पूर्व भागात पाहायला मिळाला. खाली कापडाचे यंत्रमाग, वर बिऱ्हाड, दोघांची मीटरं वेगळी. वर स्वयंपाकघर मागून वाढवलेलं. ते करताना कोणीतरी नव्या प्लगला फेज घराच्या डीबीतून आणला आणि न्यूट्रल मात्र मागाच्या बोर्डातून, कारण ती पाईप जवळ होती. पाचसात वर्षं सगळं चालत होतं. मग घराला आरसीसीबी बसवली आणि त्या प्लगवर काहीही लावलं की पडायला लागली. मोबाईलचा चार्जर तेवढा चालायचा. घरातून वीज जायची आणि परत यायची दुसऱ्याच मीटरने, म्हणजे जेवढी गेली तेवढी सगळी तूट. नऊ वॅटचा साधा एलईडी दिवा चाळीस मिलीअँपिअर घेतो, तोही पुरे झाला. ज्या प्लगवर साधा दिवा लावला तरी पडते, पण मोकळा असताना टिकते, तिथे न्यूट्रल उसना आणलेला आहे असं समजावं. इन्व्हर्टर बसवताना हाच प्रकार सर्रास होतो. त्याचा फेज आरसीसीबीच्या आधीहून घेतात आणि दिव्यांचे न्यूट्रल तिच्या नंतरच्या पट्टीवर सोडतात. बऱ्याच घरांच्या वीजमीटरवर एक बारका लाल दिवा असतो, 'अर्थ' किंवा तशाच खुणेचा. मीटरलाही गेलेला आणि आलेला करंट जुळला नाही की तो लागतो. न्यूट्रलची चोरवाट असेल तर तो बरेचदा आधीपासून चुगली करत असतो, पण मीटरकडे आपण बिल जास्त आल्यावरच बघतो.

तिसरा प्रकार सगळ्यांत वाईट. अर्थिंग नाही म्हणून सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थच्या स्क्रूमध्ये वायरीचा तुकडा टाकायचा. टेस्टर लावला, बल्ब लावला, सगळं झकास दिसतं. पण उद्या त्या प्लगच्या मागे कुठेतरी न्यूट्रल तुटला की फेज फ्रिजच्या मोटारीतून न्यूट्रलवर आणि त्या तुकड्यावरून थेट फ्रिजच्या पत्र्यावर येतो. दार उघडायला हात लावणाऱ्याला २३० व्होल्ट. आपल्या प्लगमध्ये मोठं भोक वर धरलं तर उजवीकडे फेज आणि डावीकडे न्यूट्रल हवा. उजव्या भोकात टेस्टर पेटला पाहिजे, डाव्यात आणि वरच्यात नाही. डाव्यात पेटला तर फेज-न्यूट्रल उलटे आहेत किंवा न्यूट्रल तुटलेला आहे. वरच्यात पेटला तर त्या प्लगला काहीही लावू नका. टेस्टर एवढंच सांगतो. वरच्या भोकात तो पेटला नाही म्हणजे अर्थ आहे, असं मात्र नाही, तिथे वायरच नसली तरीही तो पेटणार नाही.

अर्थिंगबद्दल सोलापूरकरांना वेगळं सांगायला हवं. अर्थिंग म्हणजे जमिनीत पुरलेला पाईप किंवा पत्रा, आणि तो काम करतो जमिनीतल्या ओलाव्यावर. इथली काळी माती पावसात फुगते आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की भेगाळते. माती पाईपला सोडून देते आणि अडथळा कैक पटींनी वाढतो. त्या पाईपमध्ये पाणी घालायची सोय मुद्दाम ठेवलेली असते, पण प्यायचं पाणीच काही दिवसांआड येतं तिथे अर्थिंगला कोण पाजणार? (धुण्याचं शेवटचं पाणी चालतं.) समजा अडथळा शंभर ओहम झाला. फ्रिजच्या पत्र्याला फेज लागला तर २३० भागिले १००, सव्वादोन-अडीच अँपिअर जमिनीत जातील. सोळाच्या एमसीबीला त्याचं काहीच वाटणार नाही आणि पत्रा जिवंत राहील. त्या एमसीबीला झटक्यात पाडायचं तर सगळी वाट मिळून दीड ओहमच्या आत हवी, ते आपल्या घरच्या पाईपने साधत नाही. आरसीसीबीला मात्र अडीच अँपिअर म्हणजे अडीच हजार मिलीअँपिअर, खूप झाले. पत्र्यावरचा दाब पन्नास व्होल्टच्या आत ठेवायचा तर तिच्यासाठी सोळाशे ओहमपर्यंतचं अर्थिंगही हिशेबात बसतं. याचा अर्थ अर्थिंग वाळू द्यावं असा नाही. पण ज्या गावात ते उन्हाळ्यात वाळतंच, तिथे आरसीसीबी काढून डायरेक्ट करणं म्हणजे काय, ते यावरून कळेल.

त्या 'टेस्ट' बटणाचंही एक आहे. ते दाबलं की आतल्या आत एका रेझिस्टरमधून मुद्दाम तूट तयार करतात आणि खटका सुटतो का ते पाहतात. म्हणजे आरसीसीबी हलते की नाही एवढंच कळतं. घराला अर्थिंग नसलं तरी ते बटण पास होतं. पण वर्षानुवर्षं न हललेला खटका आत अडकून बसतो, म्हणून महिन्यातून एकदा दाबायचं. दाबल्यावर पडली नाही तर ती बदलायची, तिथे दुरुस्ती नाही.

मावशीच्या बोर्डात मी कापलेली वायर बदलली, बॉक्सच्या भोकाला रबरी बुश घातला आणि प्लेट बसवताना वायरी मागे दुमडून घेतल्या. मेगरवर शंभरच्या पुढे मेगओहम आले. गिझर, मिक्सर आणि इस्त्री एकदम लावली, टिकली. मावशीला टेस्टचं बटण दाखवलं आणि महिन्याची कुठली तरी तारीख लक्षात ठेव म्हटलं. तारीख कशाला, म्हणाली, संकष्टीला दाबीन. मग काकांनी आतून विचारलं, दाबायच्या आधी त्यांना सांगणार का.